खळ्यावरची सायकल

सायकल शिकायला आठवडा पुरतो, असं माझी नातवंडं म्हणतात. मला दोन महिने लागले. त्यातले पहिले पाच आठवडे मी उत्तम चालवत होतो आणि मला सायकल येत नव्हती. पुढचे तीन आठवडे मी रोज पडत होतो आणि मला सायकल येत होती. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं, पण ते याहून सरळ होत नाही. घडलं तेच वाकडं, त्याला मी काय करू?

घाटात रेल्वेची विजेची इंजिनं सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मी कर्जतला टपालात बदलीवर होतो. बदलीवर म्हणजे कायमचा माणूस आजारी पडला किंवा त्याच्या घरी लग्न निघालं की माझ्या खांद्याला थैली. आठवड्यात तीन-चार दिवस काम, बाकीचे दिवस हात चोळत बसायचं. तीन वर्षं असं चाललं होतं. त्या वर्षी दहिवलीच्या फेरीचा म्हातारा पोस्टमन घरी बसला आणि त्याच सुमारास कचेरीत एक नवी कोरी काळी सायकल येऊन भिंतीला टेकली. आम्ही सगळे तिच्याकडे पाहुणीकडे बघावं तसे जरा लांबूनच बघत होतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांनी मला आत बोलावलं.

"दहिवली आणि पुढची गावं आता सायकलवर व्हायची आहेत. येते का रे तुला?"

"येईल," मी म्हटलं.

"येते की येईल?"

"येईल, मास्तर."

मास्तर हसले नाहीत. होळी झाली की वरचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांच्यादेखत भरलेली थैली लावून कचेरीच्या दारातून दहिवलीला जायचं आणि परत यायचं. जमलं तर जागा माझी, कायमची. नाही जमलं तर खोपोलीला एक जण सायकल येणारा तयारच होता. तो आला की बदलीवाल्याचीही गरज उरणार नव्हती. म्हणजे मला कर्जतची खोली सोडून बायकोला घेऊन गावी, भावाच्या घरी परत जावं लागणार होतं. मास्तर भले माणूस होते. सायकल तोवर मला वापरायला दिली आणि वर सांगितलं की ती मोडलीस तर तुझी कातडी काढून तिला लावीन.

मला ती जागा हवी होती. किती हवी होती हे सांगताना आजही लाज वाटते. 'कायम' हा शब्द मी मनातल्या मनात दिवसातून वीस वेळा म्हणत असे.

सायकल शिकायला मी गेलो तो दादाकडे, माझ्या थोरल्या भावाकडे. दादा जन्मात कधी सायकलवर बसला नव्हता. पण मला काहीही शिकायचं झालं तर दादाकडे जायचं, एवढंच मला ठाऊक होतं. तापाच्या मोठ्या साथीत आमचे आई-बाप एका आठवड्यात गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि तो बावीसचा. त्यानेच मला सातवीपर्यंत शाळेत ठेवलं. पुढे त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि त्याने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवरच्या आमच्या गावी तो एकटाच राहायचा. भात लावायचा आणि बैल सांभाळायचा. गावात कुणाचा गोऱ्हा, म्हणजे तरणा बैल, पहिल्यांदा कामाला लावायचा असला की लोक तो दादाकडे आणून सोडत. ओरडणं नाही, मारणं नाही, महिन्याभरात गोऱ्हा शहाणा.

मी सायकल हाताने ढकलत पाच-सहा मैल चालत गावी गेलो. वाटेत भेटेल तो विचारी, "काय रं, तिला चालायला शिकवतोस व्हय?" प्रत्येकाला वाटे आपणच हे पहिल्यांदा बोलतो आहोत. मी पहिल्या तिघांना हसून उत्तर दिलं, चौथ्याला शिवी दिली.

दादाने सायकल गुरांच्या बाजारात जनावर बघावं तशी चारी बाजूंनी बघितली. चाक दाबलं, सीट हलवली. दात बघायचे तेवढे राहिले. मग म्हणाला, "रस्त्याव नाय न्यायची. आदी खळ्याव."

मळणी नुकतीच आटपली होती. खळं चांगलं दहा-बारा पावलं आडवं, चोपून-सारवून टणक झालेलं होतं. मध्ये मेढ, म्हणजे मळणीच्या बैलांना बांधायचा खांब, अजून तशीच उभी होती.

"गोऱ्हा असाच शिकतो," दादा म्हणाला. "आदी मळनीला धरायचा. गोल गोल. पाय बसतो, मान बसते. मंग नांगर. तुजा बी पाय बसू दे."

त्याने मेढीला दोराचा सैल फास टाकला, दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलं आणि मला सायकलवर चढवलं. मेढ माझ्या डाव्या हाताला. पहिल्या दिवशी तीन फेऱ्यांत सात वेळा पडलो. पण दोर असल्यामुळे पडायचो ते हळूच, कुणीतरी धरून खाली ठेवावं तसं. दुसऱ्या दिवशी अकरा फेऱ्या झाल्या. त्यानंतर आठवड्याचे रिकामे तीन दिवस मी सायकल ढकलत गावी जायचं आणि कामाच्या दिवशी ढकलत कर्जतला परत यायचं, असा नेमच झाला.

तिसऱ्या आठवड्यात दोर सुटला. चौथ्या आठवड्यात मी शंभर फेऱ्या मारल्या, पाय न टेकता. दादा एका हातातले चिंचोके दुसऱ्या हातात टाकत मोजत होता. गावातली माणसं खळ्याच्या कडेला उकिडवी बसून बघायची. मी एक हात सोडून चालवायचो, घंटी वाजवायचो, फिरता फिरता कुणाच्या तरी डोक्यावरची टोपी उचलायचो. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायची. एवढ्या सहजपणे मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं.

"दादा, आता वाटेवर बघू का?" मी विचारायचो.

"आजून कच्चा हायेस," तो म्हणायचा. "कोपर बघ कसा बाहेर जातो. आनी पन्नास मार."

कोपर नीट झालं की टाच. टाच नीट झाली की मान. दर वेळी त्याला काहीतरी सापडायचं. मलाही बरंच वाटायचं, कारण फेऱ्या मारायला मला आवडत होतं. संध्याकाळी तो भाकऱ्या थापायचा, सुकटीचं कालवण करायचा आणि जेवताना बोलत बसायचा. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस, पण त्या महिन्यात त्याने मला आमच्या बापाच्या अशा गोष्टी सांगितल्या की ज्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. अर्ध्या मला खोट्या वाटल्या.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी मी कर्जतच्या खोलीत शिरलो ते बायकोला ऐकवतच. "आज दीडशे फेऱ्या! एकदासुद्धा पाय टेकला नाही."

ती भात वाढत होती. तिने दारातल्या सायकलकडे बघितलं, माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "मंग आज चालत का आलाव?"

मला इतका राग आला की मी पाटावर बसलोच नाही. तिला काय कळतंय? दादाने सांगितलंय, पक्कं झाल्याशिवाय रस्त्यावर जायचं नाही. रस्ता म्हणजे काय खळं आहे? ती म्हणाली, "नाय ना. त्येच म्हनते मी." मी जेवलो नाही. म्हणजे थोड्या वेळाने जेवलो, पण बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी सायकल दहिवलीच्या रस्त्यावर आणली. ती मागून आली, पदर खोचून. रस्ता सरळ आणि रिकामा होता. मी दीडशे फेऱ्यांच्या थाटात टांग मारली, दोन पायडलं मारली, आणि सायकल डावीकडे वळली. मी वळवली नाही. ती आपोआप वळली आणि गटारात गेली. मी उठलो, कपडे झटकले, म्हटलं दगड लागला असेल. पुन्हा बसलो. पुन्हा डावीकडे, पुन्हा तेच गटार, फक्त दहा पावलं पुढे. तिसऱ्यांदा मी दात-ओठ खाऊन हँडल उजवीकडे दाबून धरलं, तर माझं अंग डावीकडे झुकलं, चाक उजवीकडे गेलं, आणि आम्ही दोघं वेगवेगळ्या दिशांना पडलो.

माझं डोकं चालेनासं झालं. काल येत होतं ते आज कुठे गेलं? हात तेच, पाय तेच, सायकल तीच. एका रात्रीत माणूस विसरतो? मी खाली बसून सायकलचं चाक फिरवून बघितलं, वाकलंय का. वाकलं नव्हतं.

बायको रस्त्याच्या कडेला उभी होती. ती खालापूरकडची, शेतकऱ्याचीच मुलगी. ती हसली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती म्हणाली, "माजा बाप गोऱ्ह्याला आठ दिसांवर खळ्याव ठेवत नाय. जास्ती ठेवला का तो आत, मेढीकडं वढतो. नांगराला सरळ चालतच नाय मंग." मग म्हणाली, "भावजींना ठाव नसंल व्हय?"

"गप्प बस," मी म्हटलं.

ती गप्प बसली, पण प्रश्न काही बसला नाही. गावातला प्रत्येक गोऱ्हा ज्याच्या हाताखालून गेला, त्याला हे ठाऊक नसेल? आणि ठाऊक असेल तर? त्याच्या पुढे मला विचार करवेना. घशात माशाचा काटा अडकला की माणूस सारखा भाताचा गोळा गिळतो, तसं मी दिवसभर स्वतःला सांगत होतो की सायकल म्हणजे काही बैल नव्हे.

तीन आठवडे उरले होते. त्या दिवसापासून बायकोने मला ताब्यात घेतलं. कर्जतला घाट चढणाऱ्या गाडीला मागून एक इंजिन लावतात, तशी ती माझ्या मागे लागली. रोज सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत. आणि तिची शिकवण्याची रीत म्हणाल तर तिला काही रीतच नव्हती. आज नदीकडचा उतार, उद्या खडीचा रस्ता, परवा भाताच्या खाचरातून बांध चुकवत. एकदा थैली रिकामी, एकदा दगड भरून, एकदा सगळे दगड एकाच बाजूला. मी एखादी गोष्ट जरा बरी करायला लागलो की ती लगेच दुसरी काढायची. ती मागून पळत पळत ओरडायची, "आता उजवीकडं! आता थांबा! उतरा! परत चढा! त्या म्हशीच्या मागनं घ्या!" म्हैस बिचारी उभी, मी म्हशीवर. स्टेशनकडून येणारी माणसं थांबून बघायची. बाईमाणूस रस्त्यावर सायकलच्या मागे धावतं आहे, असं त्या काळी कर्जतला कुणी बघितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला काहीच व्हायचं नाही.

मी तिला विनवायचो, "अगं, एक काहीतरी नीट होऊ दे. उतार दहा वेळा करतो, मग वळण."

"साहेब उतार दहा वेळा करवनार हाय का?"

"नाही, पण हात बसायला नको का?"

"बसला व्हता की खळ्याव," ती म्हणायची.

रोज संध्याकाळी खोबरेल आणि हळद नडग्यांना लावत बसलो की वाटायचं, आज कालच्याहून वाईट झालं. खळ्यावर रोज काल दहा तर आज वीस असा हिशेब डोळ्यांना दिसायचा. इथे काय दिसायचं? काल उतारावर पडलो, आज खडीवर पडलो. परवा उतारावर पडलो नाही, पण परवा म्हैस आडवी आली. मी शिकतोय का विसरतोय, तेच समजेना. माणसाला आपण शिकतोय एवढं तरी कळायला नको? नाही तर त्याने धीर धरायचा कशाच्या जोरावर?

दहा दिवस असे गेल्यावर मी एक गुन्हा केला. बायकोला कचेरीचं काम निघालंय असं सांगितलं आणि सायकल ढकलत गावी गेलो.

दादा अंगणातच होता. मला बघून त्याचा चेहरा असा खुलला की मला आणखीच चोरट्यासारखं वाटलं. मी सरळ खळ्यावर गेलो आणि चढलो. काय सांगू! सायकल लोण्यासारखी चालली. एक, दोन, वीस, पन्नास. कोपर आत, टाच खाली, मान ताठ. दहा दिवसांत मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. म्हणजे मला येत होतं! मी काही विसरलो नव्हतो.

"बघ," दादा म्हणाला. "तुजा हात हितं बसलाय. कर्जताला काय करतोस तू?"

मी त्याला बायकोचा सगळा प्रकार सांगितला. तो गंभीर झाला. "ती पोर तुला बिगडवते. बसलेला हात मोडते. गोऱ्ह्याला रोज नवं काम दिलं का तो बुजतो." मग म्हणाला, "दोन दिस ऱ्हा. परत बसवू."

मी दोन दिवस राहिलो. तो प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, की दादा, गोऱ्ह्याला तू किती दिवस ठेवतोस? मी तो विचारला नाही. त्याने सुकटीचं कालवण केलं होतं, बापाची आणखी एक गोष्ट काढली होती. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं. मला फेऱ्या हव्या होत्या.

कर्जतला परत आलो तर बायकोने कुठे होतात म्हणून विचारलं नाही. तिने फक्त सायकलच्या चाकाला लागलेल्या शेणाकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहिवलीच्या रस्त्यावर चढलो, आणि डावीकडे, त्याच गटारात. दहा दिवसांत जे काही थोडं सरळ झालं होतं तेही गेलं.

तेव्हा माझा तोल सुटला. मी सायकलला लाथ मारली, पायाचं बोट ठेचलं, आणि भर रस्त्यात ओरडलो की मला आता कुणी काही शिकवू नका! तो म्हणतो तू मोडतेस, तू म्हणतेस त्याने मोडलं, मोडतोय मी! सरळ गावी जातो आणि नांगर धरतो. मग मी नदीवर जाऊन बसलो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा बाप्या, सायकल येत नाही म्हणून रडत होतो.

बायको आली आणि पायरीवर बसली. बायका पाणी भरून चालल्या होत्या, डोक्यावर दोन-दोन मडकी. एकीची वाट कोरडी होती, एक ओल्या दगडावरून चालली होती. तिने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"माजी आय मला रोज येगळ्या वाटंनं धाडायची," ती म्हणाली. "कंदी पायऱ्या, कंदी चिखल. किती मडकी फोडली म्या! माजी चुलतबहीन रोज येकाच वाटंनं जायची, तिचं कंदी थेंब सांडलं नाय. सगळी तिलाच वाखानायची. लगीन झाल्याव सासरी पयल्याच दिशी तिचं मडकं फुटलं."

"आणि तुझं?"

"माजं बी फुटलं. पन नंतर."

मी हसलो. हसायचं नव्हतं, पण हसलो. तिचं म्हणणं मला पटलं का? नाही. मडकं आणि सायकल यात काय नातं आहे, हे मला तेव्हाही कळलं नाही. फक्त एवढं झालं की मी गावी जायचं बंद केलं. दादाकडून एकदा निरोप आला, एकदा वालाच्या शेंगा आल्या. मी निरोप घेतला, शेंगा खाल्ल्या आणि गेलो नाही. आमच्या भावाभावांत असं कधी झालं नव्हतं, आणि ते मला फार लागत होतं.

होळी झाली. तिसऱ्या दिवशी साहेब आले. मास्तरांनी मला दारात उभं केलं. थैली लावली. मला सायकलवर कुठल्या बाजूने चढतात तेच आठवेना. बायको कुठे दिसत नव्हती. तिला मीच येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि हेच सगळ्यात गोंधळाचं आहे. खळ्यावरची एकूण एक फेरी मला आठवते. ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप केला, तो दिवस माझ्या डोक्यातून पुसल्यासारखा झालाय. चढलो एवढं आठवतं. स्टेशनकडून एक बैलगाडी मधोमध आली. मी विचार करायच्या आत उजवीकडून निघून गेलो होतो. उजवीकडून! पुढे गेल्यावर ते माझ्या ध्यानात आलं आणि तिथे मी पडता पडता वाचलो. दहिवलीला एका घरापाशी उतरलो, पुन्हा चढलो. उतार, खडी, कोंबड्या, एक म्हातारी. डावीकडच्या गटाराकडे सायकल दोनदा ओढली, दोनदा परत आली. कोणी परत आणली? मी तर काही करत नव्हतो.

कचेरीत शिरलो तेव्हा साहेब चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, सायकलकडे बघितलं, ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाले, "ठीक आहे." एवढंच. मी जाताना त्यांनी बघितलं होतं की नाही याचीही मला शंका आहे. मास्तरांनी मात्र माझ्या पाठीवर थाप मारली. मी धावत खोलीवर गेलो. बायको दारातच होती. मी तिला काही सांगायच्या आत ती रडायला लागली, आणि मग मीही. शेजारणीला वाटलं कुणीतरी गेलं.

दुसऱ्या दिवशी माझी फेरी सुरू व्हायच्या आधी, सकाळीच मी गावी निघालो. या खेपेला सायकलवर. गाडीवाटेच्या चाकोऱ्या, धुळीचे थर, एक कोरडा ओढा, तरी एकदाच पडलो. जी वाट मी पाच आठवडे चालून संपवत होतो, ती इतक्या लवकर संपली की मी दादाला काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

दादा राबाच्या वाफ्यावर होता. भाताची रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून उन्हाळ्यात जाळतात, त्याची तयारी तो एकटा करत होता. त्याने मला लांबूनच येताना बघितलं. सरळ वाटेवरून, मेढ नाही, दोर नाही. तो हातातली फांदी धरून तसाच उभा राहिला.

"जागा मिळाली दादा," मी उतरून म्हटलं. "कायम."

"बरं झालं," तो म्हणाला. "बायकूनं शिकवलंन शेवटी."

त्यात टोमणा होता की कौतुक होतं ते मला समजलं नाही. पण तीन आठवडे अडकलेला काटा तेवढ्याने निघाला.

"दादा, गोऱ्ह्याला तू खळ्यावर किती दिवस ठेवतोस?"

त्याने फांदी वाफ्यावर आडवी ठेवली. तिच्यावर दुसरी ठेवली.

"आट."

"मला पाच आठवडे ठेवलंस."

तो पाला पसरत राहिला. मला वाटलं ऐकलं नसेल. मग वर न बघता म्हणाला, "गोऱ्हा शिकला तरी सांजचा माज्याच गोठ्यात येतो रं."

मला राग आला होता. माझी जागा गेली असती, बायकोला घेऊन तोंड लपवत परत आलो असतो, आणि हा माणूस अंगणात उभा राहून खुलला असता. आणि त्याच वेळी मला त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्याने खरंच मुद्दाम केलं होतं, की मी पडू नये म्हणून भीतीपोटी केलं होतं, आणि नंतर त्याचं त्यालाच तसं वाटलं? मी विचारलं नाही. तोही पुन्हा कधी बोलला नाही.

"जा," तो म्हणाला. "पयल्याच दिशी उशीर नको."

मी चढलो आणि निघालो. तो वाफ्यावरून वाटेपर्यंत आला होता एवढं मला पावलांवरून कळलं. तिथे तो उभा राहिला की लगेच परत फिरला, हात वर केला की नाही, ते मला माहीत नाही. सायकल चालवताना मागे वळून कसं बघायचं, ते मला दोघांपैकी कुणीच शिकवलं नव्हतं. मान वळली की हँडल वळायचं आणि मी पडायचो. म्हणून मी मागे बघितलं नाही.